पाल्याचं घर, चुलीचं घर

आमचे हे दुभाषे आहेत. दोन माणसांना एकमेकांचं बोलणं समजत नसलं की हे मध्ये बसतात आणि ह्याचं त्याला, त्याचं ह्याला सांगतात. लग्न ठरलं तेव्हा मी हे माहेरी सांगितलं, तर माझा भाऊ म्हणाला, "इकडचं तिकडे करणं हा काय धंदा झाला? आपल्या गल्लीत फुकट करणाऱ्या बायका आहेत." सगळे हसले. हेही हसले. ह्यांना तेव्हा हसू यायचं.

हे डोंगरातल्या वस्तीवरचे, मी खालच्या गावातली. ह्यांची बोली वेगळी, आमची भाषा वेगळी, आणि कचेरीची भाषा म्हणजे आमचीच. लहानपणी वसतिगृहाच्या शाळेत हे आमची भाषा शिकले. शिकले म्हणजे काय, स्वतःची बोली तोंडातून निघाली की वर्गाबाहेर उभं करायचे, म्हणून शिकले. पुढे त्याच शिक्षणावर नोकरी लागली आणि उभा जन्म ती बोली ऐकण्यातच गेला. कुणाच्या नशिबात काय लिहिलेलं असतं, काही सांगता येत नाही.

नोकरी नोंदणी कार्यालयात. टायरच्या दुकानावर पहिला मजला, अरुंद जिना, आत भिंतीला लागून लोखंडी कपाटं. डोंगरातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या जे ठाऊक आहे ते लिहून, ध्वनिमुद्रित करून जपायचं, हे तिथलं काम. त्याआधी असं झालं होतं की एका औषध कंपनीनं वस्तीवरच्या एका सालीचा काढा उचलला आणि हा आमचाच शोध म्हणून हक्क मिळवला. ज्यांच्या आज्या-पणज्या तो काढा उकळत आल्या त्यांनाच नोटिसा. ते निस्तरताना लोकांच्या नाकी नऊ आले. तेव्हा ठरलं, आधी आपण नोंदवून ठेवू, म्हणजे चोर आला तर दाखवता येईल. ह्यांना ते मनापासून पटलं. मलाही पटलं, आजही पटतं. चांगल्या हेतूचा त्रास हाच, की त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

मग सुरू झालं येणंजाणं. दर थोड्या वर्षांनी नवी माणसं, नवं यंत्र, प्रश्न तेच. 'तुमची आजी काय करायची?' समोरची म्हातारी स्वतःच पणजी झालेली असायची, तरी हे गंभीर चेहऱ्यानं तो प्रश्न तिला विचारायचे. हे बोलताना कुणाकडेच बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. आवाज सपाट. सांगणारी बाई रडायला लागली तरी ह्यांचं वाक्य कोरडं निघतं. एकदा मी सोबत गेले होते, तर मलाच राहवलं नाही. म्हटलं, "अहो, ती रडतेय." हे म्हणाले, "ते त्यांना दिसतंय. दिसतंय ते मी सांगायचं नसतं." अहवाल छापून आले की शेवटच्या पानावर ह्यांचा उल्लेख असायचा: स्थानिक सहकार्य. पाण्याची सोय, जीपची सोय, तशी ही एक सोय.

घरी येत ते घसा बसवून. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि मग गप्प. "चहात साखर किती घालू?" असं विचारलं तरी क्षणभर थांबायचे, जणू उत्तर दुसरं कुणीतरी देणार आहे. आणि पोटातून गोष्ट काढायची तर नावच नको. शेजारच्या मुलीचं लग्न मोडल्याचं आख्ख्या गल्लीला माझ्याकडून कळलं, आणि मग मला कळलं की ह्यांना ते आधीपासून माहीत होतं. मी दोन दिवस अबोला धरला. ह्यांच्या ते लक्षातच आलं नाही. उलट घर शांत आहे म्हणून बरं वाटलं असणार.

आता वस्तीवरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्यांच्याकडे कुठलंही औषध एका माणसाला पूर्ण ठाऊक नसतं. प्रत्येक औषधाचे दोन भाग, दोन घरांत. एक पाल्याचं घर, एक चुलीचं घर. पाल्याच्या घराला कळतं की काय तोडायचं, कुठून, कोणत्या दिवसांत. ते लोक पाला ठेचून झाकलेल्या टोपलीत घालून आणतात, म्हणजे पान ओळखू येऊ नये. चुलीच्या घराला कळतं की तो कशात घालायचा, कशा आचेवर, किती शिजवायचा. तिथं पाल्याच्या घरानं दाराबाहेर थांबायचं. दोन्ही घरांत रक्ताचं नातं नसावं. एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही, विचारलं तरी सांगायचं नाही. भांडून बसलेल्या घरांना पोर आजारी पडलं की निमूटपणे एकमेकांच्या दारात जावं लागतं. मला आधी हा सगळा आचरटपणा वाटायचा. इतकी वर्षं नांदल्यावर वाटतं, आमच्या गल्लीत ही सोय असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

आणि दोन्ही भाग ज्याच्या कानी पडले, तो 'भरलेला'. त्यानं ते औषध द्यायचं नाही, घ्यायचंही नाही. दुष्टपणा नाही त्यात. सगळं एकाच्या हाती गेलं की तो त्याचा बाजार मांडेल, ही भीती.

कार्यालयाला तर दोन्ही भाग हवे होते. आज ह्या घरात नोंद, उद्या त्या घरात. कार्यालयातल्या माणसांना बोली येत नव्हती, त्यामुळे त्यांनी ऐकूनही ऐकलं नाही. ऐकलं एकट्या ह्यांनी. वस्तीतल्या जाणत्यांनी तेव्हाच बजावलं होतं, "कर, पण तू भरलेला होशील." हे तिशीच्या आत होते, दोन पायऱ्या एकदम चढायचे. म्हणाले, होतो. मग एकेक करून सगळ्याच औषधांचे भरलेले झाले. वस्तीवर पोरंसोरं ह्यांना भरलेले मामा म्हणतात. दर थंडीत ह्यांना खोकला धरतो, रात्र रात्र उठून बसतात. सख्खी बहीण खोकल्याच्या पाल्याच्या घरची, ती वस्तीवरून खाली आमच्याकडे येते, पण पाला आणत नाही. बाहेर ओट्यावर बसून राहते, ह्यांचा खोकला ऐकत. मी दुकानातून बाटली आणते.

ती बहीण म्हणजे माझी नणंद. वन्सं. ह्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. मला त्यांनी भावजय म्हणून मानलं, पण 'आपली' म्हणून कधी नाही. काही बोलणं निघालं की, "तुला नाही कळायचं ते, तू परकी." रोजचं पाणी भरावं तसं मी हे वर्षानुवर्षं ऐकत आले. ह्या घरात राहून मी त्यांची बोली शिकले, त्यांच्याशी त्याच बोलीत भांडते, तरी परकीच.

खोकल्यासोबत वन्संच्या घराकडे आणखी एक मोठं औषध होतं, भाजण्यावरचा लेप. वस्तीत लाकडाच्या चुली, उघड्या शेगड्या, पोरं भाजायची. त्या लेपानं कातडी अशी भरून यायची की डाग शोधावा लागायचा. पाला वन्संचा, आच एका म्हाताऱ्याची. त्याला सगळे धूरबाबा म्हणायचे, कारण तो कधीही बघा, चुलीपाशी. गेल्या थंडीत धूरबाबा गेला. त्याचे मुलगे शहरात ट्रक चालवतात. बापाशी त्यांचं पटलं नाही, त्यांनी काही शिकून घेतलं नाही, त्यानंही दिलं नाही.

दुसरा भाग असा मेला की पहिल्यानंही मुकाट्यानं मरायचं असतं. जोडी नसलेला पाला पुढे द्यायचा नाही, तो त्या माणसाबरोबर मातीत जातो. आणि वन्संना तर द्यायचा होता. त्यांच्या लेकीची लेक शहरात बेकरीत कामाला आहे. भट्टीपुढे उभी असते, दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे. सुट्टीत आजीकडे आली, आजीनं ते हात बघितले, पोरीनंच विचारलं, "आजी, तुझं ते मला शिकव ना." मात्र हेही आईला विचारायला लावून, कारण पोरीला बोलीचं अक्षर येत नाही. तिची आई शहरात दिली, तिथं कोण बोलणार? वन्संच्या घरातून कुणीतरी स्वतःहून मागण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या दिवसापासून वन्संच्या डोक्यात दुसरं काही नाही.

उन्हं तापायला लागली त्या सुमारास त्या जीपमध्ये बसून खाली आल्या. त्यांना आता चार पावलं टाकली की धाप लागते, डॉक्टरनं जास्त हिंडूफिरू नका म्हणून सांगितलेलं. आल्या त्या ह्यांच्यासमोर बसल्या.

"अरे, धूरबाबाचं बोलणं तुमच्या त्या कपाटात आहे ना?"

"आहे."

"मग काढ. कुणा शहाण्या घराला ऐकवू. जोडी झाली की मी माझं पोरीला देऊन मोकळी."

हे जमिनीकडे बघू लागले. घरात जमिनीकडे बघतात म्हणजे काहीतरी अडलंय, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सगळे कार्यालयात गेलो. तो जिना वन्संनी पायरी-पायरीवर बसत चढला. हे मागे उभे होते, हात पुढे करून, धरावं की न धरावं अशा बेतात. वर एक तरुण बाई आहेत, चष्मा कपाळावर चढवलेला, स्वभावानं चांगल्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी कपाट उघडून डबी दाखवली. डबीवर लाल पट्टी होती. हिरवी पट्टी म्हणजे खुली नोंद, लाल म्हणजे बंद. मूळ आवाजही बंद, ह्यांनी केलेलं भाषांतरही बंद.

"देणाऱ्यानं सांगितलेल्या वारसालाच ही उघडता येते," बाई म्हणाल्या. "आणि आजोबांनी वारस सांगितलेला नाही. उलट, 'माझ्यामागे कुणालाच ऐकवू नका, माझ्या मुलांना तर मुळीच नाही,' असं म्हणाले आहेत. ही कायमची बंद आहे. मला खरंच वाईट वाटतं, पण त्यांना आपण शब्द दिलाय."

हे सगळं वन्संना ह्यांनीच समजावून सांगितलं, जमिनीकडे बघत, त्याच सपाट आवाजात. तो शब्द धूरबाबापर्यंत पोचवणारेही तेव्हा हेच होते. म्हातारा रागात होता, मुलांशी नुकतंच भांडण झालेलं. हे त्याला म्हणाले होते की तुझ्या परवानगीशिवाय कुणी ऐकणार नाही, आणि मी स्वतः जिवंत असेपर्यंत बोलणार नाही. खाली स्वतःची सहीही केली होती.

वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो मेला, त्याचं तोंड ह्या लोकांच्या कपाटात आहे, आणि ते उघडायचं तर त्यालाच विचारून या."

बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हेही भाषांतर करून सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

घरी आल्यावर वन्सं भिंतीला टेकून बसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला सांग."

"कुणाला?" मी म्हटलं.

"तुलाच. तुझ्या रक्ताचा आमच्याशी संबंध नाही. तू परकी. चुलीचं घर तूच हो. ह्यानं ऐकलंय ना सगळं? ह्याच्या तोंडून तुला मिळेल."

आयुष्यभर जे नावं ठेवायला वापरलं तेच आता कामाला आलं. मला हसावं की रडावं कळेना. हे मात्र उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

ह्यांना 'सांगू नको' म्हणणारे दोघं होते. कार्यालयाचा नियम म्हणत होता बोलू नको, आणि वस्तीची रीतही म्हणत होती की भरलेल्यानं बोलायचं नसतं. दोन्हीकडचे शहाणे एका गोष्टीवर कधी नव्हे ते एकमत झाले होते. मी मागून गेले. मला संताप आला होता.

"तुम्ही जन्मभर तोंड शिवून बसलात. काय मिळालं? बहीण पायऱ्यांवर बसत बसत वर आली, बघितलंत ना?"

"मी शब्द दिलाय."

"मेलेल्या माणसाला."

"तीच तर अडचण आहे," हे म्हणाले. "जिवंत असता तर जाऊन पाय धरले असते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आणखी भांडले असते. नुसता थकवा होता, ओझं खाली ठेवायला जागा न मिळालेल्या माणसाचा. मी आत आले आणि भांडी आदळत बसले. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. धाप लागली की त्यांची पाठ वरखाली व्हायची. हे दारात उभं राहून ते बघत होते, बराच वेळ.

मग म्हणाले, "पोरीला बोलावून घ्या. सांगतो."

पोरगी रविवारी आली. बेकरीतून पाव घेऊन आली होती, अजून गरम. दुपारचे आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो. वन्संनी पहाटेच दम खात एकट्या जाऊन कुठूनतरी पाला आणून, स्वतः ठेचून झाकलेल्या टोपलीत ठेवला होता, कारण देताना वस्तू हाताशी असावी लागते. ठरलं असं की आधी हे मला आच सांगतील, तेव्हा पोरगी आणि वन्सं दाराबाहेर थांबतील. मग वन्सं पोरीला पाला दाखवतील, तेव्हा मी बाहेर.

मी पाटावर बसले. परकेपणाची एवढी वर्षं भरून निघणार होती. मी चांगली शिष्या व्हायचं ठरवून केस घट्ट बांधून बसले होते.

ह्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आमच्या भाषेत. मातीचं भांडं घ्यावं, पाणी घालू नये, पाला दाबून भरावा. मग मंद आचेवर ठेवावा. रंग बदलला की काढून निवू द्यावा. पुन्हा मंद आचेवर ठेवावा. पुन्हा निवू द्यावा. मग शेवटी मंद आच.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"तीनदा मंद आच?"

ह्यांनी बोटांवर तीनदा मोजलं. मग बोलीत सांगायचा प्रयत्न केला. पहिलं वाक्य आलं, भांड्याचं. दुसरं अडलं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मी ह्यांना बोलताना अडखळलेलं कधी बघितलं नव्हतं. हे उठले आणि गॅसपाशी गेले. तवा चढवला. बटण बारीक केलं, आणखी बारीक, आणखी. ज्योत निळ्या कडेएवढी झाली. मग मोठी केली. पुन्हा बारीक. ह्यांना आत कुठेतरी तो म्हातारा बसलेला दिसत असावा, आणि त्याचं तोंड हलताना दिसत असावं, पण आवाज नाही.

"वन्सं," मी ओरडले. रीत गेली खड्ड्यात. "आत या."

वन्सं आत आल्या, मागे पोरगी. हे गॅसकडेच बघत बोलले, बोलीत. "आक्का, तीन शब्द होते. तीन विस्तवांचे तीन वेगळे शब्द. म्हातारा प्रत्येक शब्द दोनदा बोलला होता. कचेरीच्या भाषेत तसे शब्द नव्हते. मी तिन्हींना मंद आच म्हणालो. म्हटलं, मूळ आवाज यंत्रात आहेच."

"ते शब्द आठव."

"नाही आठवत. मी ऐकतो आणि बोलतो. बोललो ते राहतं. ऐकलेलं राहत नाही."

"तुम्ही सांगा ना वन्सं," मी म्हटलं, "बोली तुमचीच. विस्तवाला काय काय म्हणतात?"

"आम्ही विस्तव म्हणतो. ते शब्द चुलीच्या घरातले. आमच्या कानावर कशाला येतील?"

पोरीला काही कळत नव्हतं. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "मग करून बघू की, मामीआजी. भट्टीचं मला कळतं. चुकत चुकत जमेल." मी ते वन्संना सांगितलं. वन्संनी मान हलवली. कच्चा पाला नुसता थंड, त्याचं ना बरं ना वाईट. पण चुकीच्या आचेवर शिजला की तो कातडी सोलतो. चुकत चुकत म्हणजे कुणाच्या अंगावर चुकायचं?

तेवढ्यात हे तव्याला हात लावून बसले. गॅस बंद करायला गेले आणि भान कुठे होतं, सगळी बोटं तापलेल्या तव्यावर टेकली. हात मागे घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. मी धावत पाणी आणलं. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

वन्सं हळूहळू खाली बसल्या आणि ह्यांना समोर बसवलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. खोकल्याची आच सांग. हे आमच्या भाषेत बोलू लागले, वन्संनी अडवलं, "आपल्यात सांग." हे थांबले. पोटदुखीची सांग. हे थांबले. तापाची, सापाची, बाळंतिणीची. एकेकावर हे थांबत होते, कधी एक शब्द, कधी दोन, पुढे नाही. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि मला वन्संचा राग आला, की पुरे करा की आता. पण त्या छळत नव्हत्या. त्या चाचपून बघत होत्या.

"अरे," त्या शेवटी म्हणाल्या, "तुझ्यात काहीच नाही. तू कधीचा रिकामा झालायस. आम्ही उगाच तुला भरलेला म्हणत आलो."

हे हसले की काय झालं मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. कित्येक थंड्या हा माणूस खोकत बसला, आणि बहीण ओट्यावर बसून ऐकत राहिली. जे ह्यांच्यापाशी आहे म्हणून हे सोसलं, ते ह्यांच्यापाशी नव्हतंच.

वन्संनी टोपलीवरचं फडकं काढलं. हिरवा, ओलसर लगदा. त्यांनी तो बोटांवर घेतला आणि ह्यांचा भाजलेला हात मांडीवर ओढला.

"अर्ध्यानं काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तरी लावते."

एकेका बोटावर त्या तो पाला थापत होत्या, मन लावून, घाई न करता. हे डोळे मिटून बसले. स्वयंपाकघरात नुसता पाल्याचा कडू वास होता. पावांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ते तसेच निवत होते.

पोरगी हे बघत उभी होती. ती शहाणी आहे, पण तरुण आहे. न राहवून तिनं ह्यांना विचारलं, "मामाआजोबा, आजीला विचारा ना. आच नसली तर नसली. पाला तरी मला देईल ना?"

ह्यांनी डोळे उघडले. प्रश्न जसाच्या तसा बहिणीला सांगितला.

वन्संनी हात थांबवला नाही. करंगळीला पाला लावता लावता बोलल्या, नेहमीपेक्षा सावकाश. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सांग तिला."

हे जमिनीकडे बघू लागले. "आजी म्हणते, नाही." घसा साफ केला. "ती म्हणते, द्यायचं फार मनात होतं. पण अर्धं हातात पडलं की तू जन्मभर उरलेलं अर्धं शोधत फिरशील."

आणि थांबले. वन्सं आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. मी ऐकलं होतं, बोली मला येते. पोरगी ह्यांच्या तोंडाकडे बघत होती, कारण तिलाही जाणवलं होतं की अजून काही आहे. वन्संही वाट बघत होत्या. ह्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी कुणाचं वाक्य गाळलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. ते गाळत नव्हते. त्यांना ते बोलताच येत नव्हतं.

म्हणून मग मीच बोलले. म्हटलं, "आजी म्हणते, मग तू माझ्या भावासारखी थकशील. ते मला दुसऱ्यांदा बघवणार नाही."

पोरीनं चट्ट्यांचे हात ओढणीत गुंडाळून घेतले आणि आजीशेजारी जाऊन बसली. वन्संनी ह्यांच्याकडे बघून भुवई उंचावली. परकीनं नीट सांगितलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"बरोबर सांगितलंन," हे म्हणाले.